अटॅकिंग मिडफिल्डरकडून पूर्ण खेळ कसा काढून घ्यायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून हौशी आणि वयोगटांतल्या फुटबॉल संघांचे प्रशिक्षक विचारतात, काही खुद्द दहा नंबरवर, म्हणजे अटॅकिंग मिडफिल्डरच्या जागेवर, खेळणारे. उदाहरणं मोठ्या संघांची घेतली आहेत, कारण ते सामने सगळ्यांनी पाहिलेले असतात. काम मात्र कुठल्याही मैदानावर तेच.

दहा नंबर म्हणजे नेमका कोण?

समोरच्या संघाची मधली फळी आणि बचावफळी यांच्या मधल्या पट्ट्यात वावरून गोलच्या दिशेने शेवटचा किंवा शेवटून दुसरा पास देणारा खेळाडू. जर्सीवर दहाच आकडा हवा असं काही नाही. केव्हिन डी ब्रॉयने मँचेस्टर सिटीत सतरा नंबर घालून वर्षानुवर्षं हेच करत होता.

पण हे काम चार जण चार तऱ्हांनी करतात. रिकेल्मेसारखा खेळाडू चेंडू पायाखाली धरून अख्ख्या संघाचा वेग ठरवतो. काकासारखा चेंडू घेऊन तीस-चाळीस मीटर सुसाट निघतो. लॅम्पार्ड किंवा बेलिंगहॅम यांचा खरा धोका चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना, बॉक्समध्ये (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात) उशिरा शिरण्यात. थॉमस म्युलरचं ड्रिब्लिंग बेताचं, वेगही डोळ्यांत भरण्यासारखा नाही, पण रिकामी जागा त्याला इतरांच्या आधी दिसते.

आपल्याकडचा यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा. रिकेल्मेच्या वळणाच्या पोराला ‘बॉक्समध्ये घुस, घुस’ म्हणत राहिलात तर त्याचा पास तर जाईलच, आणि गोल येतीलच असंही नाही.

आमचा दहा नंबर सरावात भारी खेळतो, सामन्यात मात्र दिसतच नाही. चूक कुणाची?

बहुतेक वेळा त्याची नसते. सेंटर बॅकच्या, म्हणजे बचावफळीतल्या मधल्या खेळाडूच्या, पायात चेंडू आपोआप येतो. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक, टचलाइनला (मैदानाच्या बाजूच्या रेषेला) एकटा उभा राहून चेंडू मागू शकतो. दहा नंबरच्या मात्र पुढे, मागे, दोन्ही बाजूंना विरोधी खेळाडू असतात आणि त्याला चेंडू दुसऱ्या कुणीतरी आणूनच द्यावा लागतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून पुढच्या सामन्यात त्याच्यावरची नजर काढा आणि मागच्या पाच जणांवर ठेवा. एकच गोष्ट मोजायला कुणाला तरी बसवा: त्या मधल्या पट्ट्यात, गोलकडे तोंड करून किंवा निदान अर्धवट वळून, त्याला चेंडू किती वेळा मिळाला. असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास), गोल सध्या राहू द्या. हा आकडा अगदी लहान निघाला तर पुढच्या तक्रारीला अर्थच नाही.

मग कारण शोधा. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे चेंडू मागच्या मागेच फिरत राहणं: फुलबॅककडून (बचावफळीतल्या कडेच्या खेळाडूकडून) सेंटर बॅक, तिथून दुसरा सेंटर बॅक, तिथून दुसरा फुलबॅक, आणि परत. बघायला सुरक्षित, पण समोरच्या संघाला जागचं हलावंच लागत नाही. यावर उपाय सेंटर बॅककडे आहे. त्याने पास न देता चेंडू घेऊन सरळ पुढे चालत जायचं, कुणीतरी अंगावर येईपर्यंत. जो अंगावर येईल तो आपली जागा सोडूनच येईल. सोडलेल्या त्या जागेमागे तुमचा दहा नंबर उभा असला पाहिजे.

दुसरं कारण होल्डिंग मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीच्या पुढे राखण करणारा मिडफिल्डर. तो बिचारा मदत करायला म्हणून सेंटर बॅकसमोर येऊन उभा राहतो आणि नेमका दहा नंबरच्या वाटेत येतो. तिघं एका सरळ रेषेत आले की पुढचा पास संपला. त्याला दोन-तीन पावलं बाजूला सरकायला सांगा. त्याच्यामागे त्याचा मार्कर (त्याला धरून असलेला विरोधी खेळाडू) सरकतो आणि मधून वाट उघडते. त्या क्षणी चेंडू त्याच्याकडे येतही नाही, त्यामुळे या सरकण्याचं कौतुक कुणी करत नाही. तुम्ही करा.

तिसरं, पासचा दर्जा. उसळत येणारा, मंद किंवा कमरेएवढ्या उंचीवरचा पास मिळाला तर झिदानलाही तो आधी ताब्यात घ्यावा लागेल, आणि तेवढ्यात मार्कर पोचेल. त्या पट्ट्यात जाणारा पास जमिनीवरून आणि कडक हवा.

चौथं कारण त्याचंच. कंटाळून तो खाली येतो आणि सेंटर बॅकच्या पायातून चेंडू काढून घेतो. चेंडूला पाय लागल्याचं समाधान मिळतं, प्रेक्षकांनाही तो धडपडताना दिसतो. पण आता सगळा विरोधी संघ त्याच्यासमोर आहे आणि जिथे त्याने असायला हवं ती जागा ओस पडली आहे. सामन्यातून एखाददुसऱ्या वेळी, मार्करला बाहेर ओढायला म्हणून हे ठीक. सवय म्हणून नको.

त्याने उभं कुठे राहायचं?

मैदानाचे लांबीत सहा आणि रुंदीत तीन असे अठरा खण पाडले तर विरोधी बॉक्सच्या लगेच बाहेरचा मधला खण चौदावा येतो. प्रशिक्षक ज्याला ‘झोन फोर्टीन’ म्हणतात तो हाच. इथून गोल समोर दिसतो, दोन्ही विंगांकडे पास जातो, शॉट मारता येतो. अर्थात हे समोरच्या प्रशिक्षकालाही माहीत असतं, त्यामुळे तिथे तो माणूस ठेवतोच.

म्हणून तिथे आधीपासून जाऊन उभं राहू नये, चेंडूबरोबर पोचावं. तोवर मार्करच्या पाठीमागच्या बाजूला राहावं. चेंडू आणि आपण दोन्ही एकाच वेळी त्याला दिसू शकणार नाहीत, मान वळवावीच लागेल, अशा ठिकाणी. तो चेंडूकडे बघायला लागला की तीन-चार पावलं, बस्स. चांगल्या दहा नंबरच्या धावा आखूड असतात.

दुसरी चांगली जागा हाफ-स्पेस, म्हणजे मैदानाचा मधला पट्टा आणि टचलाइनजवळचा पट्टा यांच्या मधली. तिथे चेंडू घेतला की पुढे कुणी यायचं, फुलबॅकने की सेंटर बॅकने, याचा घोळ होतो. अर्सनलचा मार्टिन ओडेगार्ड डावखुरा असून उजव्या हाफ-स्पेसमध्ये खेळतो. तिथे चेंडू घेतला की सगळं मैदान त्याच्या डाव्या पायासमोर उघडं होतं.

आणि एक साधी गोष्ट, जी बऱ्याच जणांना सांगावी लागते: पास देणाऱ्याच्या पायापासून आपल्यापर्यंतची रेष मोकळी आहे का ते बघायचं. विरोधी खेळाडूच्या बरोबर मागे लपून, हात वर करून ‘बॉल, बॉल’ ओरडणारे प्रत्येक संघात सापडतात.

चेंडू घेताना अंग कसं ठेवायचं?

इथे सगळ्यात जास्त कमाई आहे, म्हणून जरा सविस्तर.

समजा चेंडू डावीकडच्या सेंटर बॅककडे आहे. पास सुटायच्या आधी दहा नंबरने एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायचं: विरोधी होल्डिंग मिडफिल्डर किती लांब आहे, आपला स्ट्रायकर कुठे निघालाय. पास सुटला, चेंडू वाटेत आहे, तेव्हा पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा बघणं बहुतेक जण विसरतात, आणि त्या एका सेकंदातच चित्र बदललेलं असतं. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या या मान वळवण्याचा अभ्यास केला, तेव्हा चेंडू येण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पुढचे पास जास्त यशस्वी होताना दिसले. या यादीत फ्रँक लॅम्पार्ड वरच्या जागांवर होता.

आता पाय. गोलकडे पूर्ण पाठ नको. खांदे तिरके, एक पाय किंचित मागे. डावीकडून आलेला चेंडू उजव्या, म्हणजे लांबच्या पायाने घ्यायचा. तो अंगासमोरून सरकत जाऊ द्यायचा आणि मागच्या पायाच्या आतल्या बाजूने पुढे ढकलायचा. पहिल्या टचलाच तोंड गोलकडे होतं. हाच चेंडू जवळच्या पायाने थांबवला की खेळाडू आल्या दिशेला तोंड करून अडकतो. दुसरा टच वळायला, तिसरा पास द्यायला, आणि तोवर कुणीतरी पाठीवर चढलेलं असतं.

पाठीला माणूस चिकटलेलाच असेल तर वळण्याचा हट्ट धरू नये. एका टचमध्ये परत द्यावा आणि जागा बदलावी. पास देणाऱ्याने चेंडूबरोबर शब्दही पाठवायला हवा: मोकळा असेल तर ‘टर्न’, नसेल तर ‘मॅन’. एवढी एक सवय अख्ख्या संघाला लावली तरी दहा नंबरचे हुकलेले पहिले टच बरेच कमी होतात.

त्याच्यापुढे कसे खेळाडू हवेत?

धावणारे. पास देणारा कितीही हुशार असला तरी पास घ्यायला कुणी निघालंच नाही तर तो काय करणार? मेसुत ओझिल 2010 मध्ये रेआल माद्रिदला गेला तेव्हा त्याच्यापुढे रोनाल्डो, दि मारिया, बेंझेमा, इग्वाइन असे सतत मोकळ्या जागेकडे सुटणारे लोक होते. 2011-12 मध्ये त्या संघाने 100 गुण आणि 121 गोल करून ला लीगा जिंकली. ओझिलच्या पायात जादू होती हे खरंच, पण ती दाखवायला पुढे पळापळ लागायची.

स्ट्रायकर निवडताना विचार करा. चेंडू घ्यायला सारखा खाली येणारा स्ट्रायकर आणि दहा नंबर एकाच खोलीत राहायला बघतात आणि दोघांचीही अडचण होते. बचावफळीला मागे ढकलत राहणारा स्ट्रायकर असेल तर पट्टा रुंद होतो. त्याला चेंडू मिळो न मिळो, त्याच्या धावेने सेंटर बॅक दोन मीटर मागे गेला की ते दोन मीटर दहा नंबरचे.

उलटं उदाहरणही आहे. 2023 मध्ये बेंझेमा गेल्यावर अँचेलोटीने रेआल माद्रिदमध्ये कायमचा नऊ नंबर (मधला स्ट्रायकर) न ठेवता व्हिनिसियस आणि रोद्रिगो यांना पुढे ठेवलं. ते दोघं बाजूंना सरकायचे, मधली जागा रिकामी व्हायची आणि मागून बेलिंगहॅम तिथे यायचा. त्या मोसमात त्याने ला लीगात 19 गोल केले. पण हे त्याच्या जातीच्या खेळाडूला जमतं. ओझिलला असं वापरलं असतं तर दोघांचंही नुकसान झालं असतं, त्याचं आणि संघाचं.

विंगरपैकी निदान एकाने टचलाइन सोडू नये. दोघेही आत आले की दहा नंबरच्या अंगणात गर्दी होते.

आणि मागे?

मागे भरवशाचे लोक हवेत, म्हणजे त्याला धोका पत्करता येतो. 2006-07 मध्ये मिलानने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा काकाने स्पर्धेत सर्वाधिक, 10 गोल केले, आणि पुढे 2007 चा बॅलन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही, त्यालाच मिळाला. त्याच्यामागे कोण होतं बघा: चेंडू वेळेवर देणारा पिर्लो, चेंडू हिसकावून आणणारे गट्टूसो आणि अँब्रोसिनी, शेजारी सीडॉर्फ. काकाचा चेंडू गेला तरी मागे तिघं उभे. अशा व्यवस्थेत कुणीही जरा धीट खेळतो.

कोणती रचना सर्वांत चांगली?

माझं मत विचाराल तर, खेळाडू नवखे असतील तर 4-2-3-1 (आकडे बचावफळीपासून पुढे मोजायचे). मागे दोन मिडफिल्डर, पुढे स्ट्रायकर, बाजूंना विंगर, सगळ्या दिशांना पास उपलब्ध आणि समजायला सोपी.

डायमंड, म्हणजे 4-3-1-2, दहा नंबरला फार मानवते कारण पुढे दोन धावणारे मिळतात. पण रुंदी पूर्णपणे फुलबॅकवर पडते. तुमचे फुलबॅक नव्वद मिनिटं वर-खाली करू शकत नसतील तर तिच्या नादी लागू नका.

3-4-2-1 मध्ये दोन दहा नंबर बसतात, एकेक हाफ-स्पेसमध्ये. चाबी अलोन्सोच्या लेव्हरकुसेनने 2023-24 ची बुंडेसलीगा एकही सामना न हरता जिंकली, त्यात फ्लोरियान विर्ट्झ असाच खेळत होता: बाहेर ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पाँग रुंदी देत आणि मागून शाका चेंडू पुरवत.

4-3-3 मध्ये वेगळा दहा नंबर नसतो, पण दोन आठ नंबरांपैकी (होल्डिंगच्या पुढे खेळणाऱ्या दोन मिडफिल्डरांपैकी) एकाला किंवा दोघांना वर सोडता येतं. ग्वार्डिओलाच्या सिटीत डी ब्रॉयने आणि डेव्हिड सिल्वा असेच खेळले. 2019-20 च्या प्रीमियर लीगमध्ये डी ब्रॉयनेने 20 असिस्ट केले आणि थिएरी ऑन्रीच्या 2002-03 मधल्या विक्रमाची बरोबरी केली. ते सगळं एका ‘आठ नंबर’ने.

त्याला डिफेन्स करायला लावायचं की मोकळं सोडायचं?

लावायचं, पण काम नेमकं द्यायचं. ‘मागे ये, मदत कर’ हे काम झालं नाही. विरोधी होल्डिंग मिडफिल्डरला चेंडू मिळू न देणं, हे झालं. स्ट्रायकर सेंटर बॅकच्या अंगावर जातो तेव्हा दहा नंबरने पाठीमागच्या त्या मिडफिल्डरची वाट अंगाने झाकायची. चेंडू बाजूला गेला की तिकडे सगळ्यांनी मिळून दाबायचं. ओडेगार्ड अर्सनलच्या प्रेसिंगची सुरुवात करून देतो, हात करून मागच्यांना वर बोलावतो. नाजूक दिसणारा खेळाडू हे करतोय म्हटल्यावर बाकीच्यांना सबब उरत नाही.

चेंडू गेल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत त्याने जीव तोडून धावावं. तिथे चेंडू परत मिळाला तर विरोधी संघ विस्कळित असतो आणि आपला दहा नंबर नेमका हव्या त्या जागी असतो. युर्गन क्लॉप यांचं म्हणणं तर असं की चांगल्या काउंटर-प्रेसिंगची बरोबरी जगातला कुठलाही प्लेमेकर करू शकत नाही. हे जरा टोकाचं, पण दोन्ही एकत्र असायला कुणाची हरकत आहे?

स्वतःच्या कॉर्नर फ्लॅगपर्यंत फुलबॅकच्या मागे पळणं मात्र त्याच्या गळ्यात घालू नका. चेंडू परत मिळाल्यावर पहिला पास घ्यायला वर कुणीतरी हवंच.

समोरच्यांनी त्याच्यावर मॅन मार्किंग लावलं तर?

आधी खूश व्हा. त्यांनी आपला एक माणूस खेळातून काढून घेतला आहे. आता मैदानावर दहा विरुद्ध दहा आहे आणि बाकी सगळ्यांना थोडी जास्त जागा आहे.

1982 च्या विश्वचषकात इटलीच्या क्लाउडियो जेन्टिलेने मॅराडोनाला ओढून, पाडून, सतत फाऊल करून जखडून टाकलं आणि इटलीने तो सामना 2-1 जिंकला. चार वर्षांनी अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने लोथार मॅथेयसला त्याच्या मागे लावलं. मॅराडोनाला स्वतः गोल करता आला नाही. पण 2-2 अशी बरोबरी असताना, सामना संपायला थोडीच मिनिटं उरलेली, मध्यरेषेजवळ गर्दीत चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने एका स्पर्शात सहकारी बुरुचागाला मोकळ्या मैदानात सोडलं. 3-2. जर्मनांचं लक्ष त्याच्यावर खिळलेलं होतं, आणि बुरुचागा सुटला तो त्यामुळेच.

तेव्हा आपल्या खेळाडूला सांगा की आज चेंडू कमी मिळेल, चिडू नकोस. मार्करला घेऊन फिर. टचलाइनला जा, तो येतो का बघ. आला तर मधोमध खिंडार पडलं, तिथे आठ नंबरने शिरायचं. आला नाही तर तू मोकळा. कधीकधी त्याने सरळ विरोधी सेंटर बॅकजवळ जाऊन उभं राहावं. मग मार्कर आणि सेंटर बॅक दोघं एकाच माणसाला धरून बसतात. आणि पंचांकडे हातवारे करत बसू नये, कारण चिडलेला दहा नंबर हेच मार्करला हवं असतं.

तो फार पास चुकवतो. बोलावं का?

कुठे चुकवतो त्यावर. बॉक्सच्या आसपास स्ट्रायकरला थ्रू पास देताना चेंडू गेला तर ती त्याच्या कामाची किंमत आहे. ब्रुनो फर्नांडिस 2020 च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हापासून त्याच्याबद्दल हीच तक्रार आहे, आणि तेव्हापासून संघासाठी सर्वाधिक संधी तयार करणाऱ्यांतही त्याचंच नाव असतं. ही दोन्ही एकाच सवयीची फळं आहेत.

पण मध्यरेषेजवळ, आपले दोन्ही फुलबॅक वर गेलेले असताना, टाचेने पास द्यायला जाऊन चेंडू घालवला तर जरूर बोलावं. त्याला एक रेषा आखून द्या: विरोधी अर्ध्याच्या मधल्या भागापुढे हवं ते कर, मागे दोन टचमध्ये सोपा पास. आणि हाफ-टाइमला सगळ्यांसमोर ‘पास जपून दे’ म्हणू नका. दुसऱ्या अर्ध्यात तो खरंच जपून देईल, आणि तुमचं आक्रमण तिथेच संपेल.

गोल कमी येतात. काय करायचं?

बॉक्समध्ये कधी शिरायचं हे शिकवा. बहुतेक जण लवकर शिरतात, सेंटर बॅकच्या शेजारी जाऊन उभे राहतात आणि क्रॉस आला की उडीत हरतात. लॅम्पार्डने प्रीमियर लीगमध्ये मिडफिल्डर असून 177 गोल केले. त्याची पद्धत बघण्यासारखी होती: विंगर बाहेरून पुढे जात असताना हा बॉक्सच्या कडेला वेग कमी करून थांबल्यासारखा, आणि बचावपटू गोलकडे धावत सुटले की मग पेनल्टी स्पॉटच्या आसपास उघड्या पडलेल्या जागेत. गोलरेषेजवळून मागे येणारा कटबॅक नेमका तिथे येतो.

विंगरांनाही सांगायला हवं की प्रत्येक वेळी सहा यार्डांत चेंडू मारू नका, मान वर करून मागे बघा.

त्याला विंगवर खेळवलं तर चालेल का?

चालेल, जर त्याला आत यायची मुभा असेल आणि बाहेरून फुलबॅक वर जाणार असेल. नुसतं ‘तिकडे जागा रिकामी आहे’ म्हणून टाकू नका.

आणि मागे, होल्डिंगच्या जागी?

हे कधीकधी फार छान जमतं. पिर्लो मुळात दहा नंबरच होता. 2001 मध्ये ब्रेशियाला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना खेळाडू म्हणून, गेला तेव्हा तिथे त्या जागेवर रॉबेर्तो बाजिओ होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीसमोर आणलं. पुढे मिलानमध्ये तीच त्याची जागा झाली आणि 2006 चा विश्वचषक त्याने तिथूनच खेळून जिंकला. नजर आणि लांब पास आहे, पण गर्दीत धक्के खाऊन वळता येत नाही, वेग कमी आहे, अशा खेळाडूचा हा विचार जरूर करावा. शेजारी पळणारा गडी मात्र द्यावा लागतो.

सरावात नेमकं काय घ्यायचं?

नुसती शटल पळवून दहा नंबर घडत नाही. एक सराव सांगतो, साधनं फार लागत नाहीत. मैदानाच्या मधोमध तीस बाय वीस मीटरचा आयत आखा आणि लांबीवर तीन पट्टे पाडा. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत चार-चार खेळाडू, मधल्या पट्ट्यात दोन बचाव करणारे आणि एकटा दहा नंबर. टोकाचे चौघं आपसांत पास खेळतात, वाट मिळाली की मधल्याला देतात, आणि त्याने तो पलीकडच्या चौघांकडे पोचवायचा. बचावपटूंनी चेंडू काढला की ज्याचा पास चुकला तो आत.

सुरुवातीला टच मोजू नका. दोन-तीन फेऱ्यांनंतर नियम लावा: दहा नंबरला दोनच टच. मग पाहा, जो आधी मागे बघत नव्हता तो आपोआप बघायला लागतो, कारण न बघता दोन टचमध्ये निभतच नाही. आणखी पुढे, पास सुटताना पलीकडच्या चौघांपैकी एकाने हात वर करायचा आणि दहा नंबरने पास घेण्याआधी त्याचं नाव ओरडायचं. पोरं हसतात, पण मान वळायला लागते.

याशिवाय आठवड्यातून एकदा त्याला आणि स्ट्रायकरला वेगळं घ्या. स्ट्रायकरला कुठल्या बाजूने पळायला आवडतं, पास पायात हवा की पुढे, हे दोघांनी बोलून ठरवलेलं असावं. अशा जोड्यांना बाहेरचे लोक ‘मनकवडे’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यामागे बरीच कंटाळवाणी उजळणी असते.

पेनल्टी, कॉर्नर, फ्रीकिक त्यालाच द्यायचे का?

कॉर्नर आणि फ्रीकिक, पाय चांगला असेल तर हो. पेनल्टी ज्याची सरावात चांगली आहे त्याला. 2006 च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत व्हिलारियाल एकूण 1-0 ने मागे असताना शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. रिकेल्मेने मारली आणि अर्सनलच्या लेहमनने अडवली. त्या संघाला तिथवर त्यानेच आणलं होतं, त्यामुळे मारणारा चुकीचा होता असं कुणी म्हणू नये. मात्र पेनल्टी संघातल्या सर्वांत हुशार खेळाडूच्या नावावर आपसूक लिहिलेली असते, हा समज काढून टाका.

त्याला बाहेर कधी काढायचं?

पहिला टच जड व्हायला लागला आणि मान वळणं थांबलं की. दमलेला दहा नंबर पळतोय असं दिसत राहतं, म्हणून पायांकडे न बघता मानेकडे बघा. आघाडी राखायची म्हणून त्याला काढून आणखी एक बचाव करणारा घालण्याआधी दोनदा विचार करा. चेंडू पुढे धरून ठेवणारा माणूस गेला की दर मिनिटाला चेंडू तुमच्याच बॉक्सवर परत येतो.

लहान मुलांत दहा नंबर आधीच ठरवून टाकावा का?

नको. बारा-तेरा वर्षांपर्यंत सगळ्यांना सगळीकडे खेळवा. जो मुलगा किंवा मुलगी थोडा काळ होल्डिंगला खेळली आहे तिला पुढे दहा नंबरवर आल्यावर मार्कर काय विचार करतोय हे कळतं.

आमच्याकडे असा खेळाडूच नाही. मग?

मग ओढूनताणून बनवू नका. लिव्हरपूलने 2019-20 ची प्रीमियर लीग जिंकली तेव्हा त्यांच्या मधल्या फळीत हेंडरसन, फाबिन्यो, वाइनाल्डम असे कष्टकरी लोक होते. गोलसाठीचे पास बाहेरून यायचे: ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचे त्या मोसमात 13 असिस्ट, अँडी रॉबर्टसनचे 12, आणि दोघेही फुलबॅक. फिर्मिनो स्ट्रायकरच्या जागेवरून खाली येऊन मधला पट्टा सांभाळायचा. तुमच्याकडे चांगले क्रॉस मारणारे फुलबॅक असतील तर मिडफिल्डमध्ये तीन पळणारे ठेवा, त्यांतल्या एकाला फुलबॅक वर गेला की त्याची जागा झाकायला लावा, आणि चेंडू बाहेरूनच पुढे न्या.